जबडा साक्ष देतो, पण कशाची?

न्यायवैद्यकशास्त्रावर मराठीत जे सोपे लेखन होते, विज्ञान प्रदर्शनात जे तक्ते लागतात आणि दूरचित्रवाणीवर जे दिसते, त्या सगळ्यांत एक विधान हटकून असते. जबड्याच्या क्ष-किरण चित्रावरून माणसाची ओळख पटते आणि त्याचे वयही कळते, असे ते विधान. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेला अर्धा भाग सांगायचा राहून गेल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात भलतेच काही रुजते. ‘सीआयडी’ ही मालिका १९९८ मध्ये सुरू झाली. तिच्यातले डॉ. साळुंखे पाहत वाढलेली मुले आज शिक्षक झाली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर चित्र असते ते असे : काळी फिल्म दिव्यासमोर धरली की तिच्यातून नाव, गाव आणि जन्मसाल बाहेर पडते. या समजुतीची जरा कसून तपासणी करावी असे आम्हाला बरेच दिवस वाटत होते.

निमित्त झाले ते बुलढाणा जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजा येथे. तिथल्या शिक्षकांशी या विषयावर बोलत असताना एका शिक्षिकेने विचारले, “तुम्ही म्हणता जबड्यावरून वय निघतं. मग कोर्टवाले आमचं जनरल रजिस्टर कशाला मागवतात?” खोलीत हशा पिकला. मुख्याध्यापकांना समन्स आल्याचे, जुने रजिस्टर बगलेत मारून दिवसभर न्यायालयाच्या ओट्यावर बसावे लागल्याचे अनुभव बहुतेकांच्या ऐकिवात होते. प्रश्न गमतीने विचारलेला असला तरी तो या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे, म्हणून इथे त्याला सविस्तर उत्तर देतो. आधी ओळखीचे पाहू, मग वयाचे.

ओळखीसाठी दातच का, हे समजणे सोपे आहे. दातावरचे कवच, म्हणजे इनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. शरीर कुजले, पाण्यात राहिले, आगीत सापडले तरी दात टिकतात. दाढांची मुळे तर गाल, जीभ आणि जबड्याचे हाड यांच्या आड असल्याने आणखी सुरक्षित राहतात. क्ष-किरण चित्रात या मुळांचा बाक, मुळांच्या टोकांची ठेवण, हाडाची जाळी, वरच्या जबड्यावरच्या पोकळीची कड, भरलेले दात, काढलेल्या दातांच्या जागा असे कितीतरी तपशील दिसतात. दोन माणसांचे हे सगळे तपशील सारखे असणे जवळजवळ अशक्य. म्हणूनच मोठ्या दुर्घटनांतल्या मृतांची ओळख पटवताना इंटरपोल बोटांचे ठसे आणि डीएनए यांच्याच पंक्तीला दातांना बसवते.

इथपर्यंत सगळे लेखक नेतात आणि सोडून देतात. खरा प्रश्न पुढे आहे. हे तपशील जुळवायचे कशाशी? मृताच्या जबड्याचे चित्र कितीही सुंदर निघाले तरी ते एकटे मुके असते. त्याच माणसाचे जिवंतपणी काढलेले चित्र किंवा दंतवैद्याची नोंद शेजारी ठेवली तरच ते बोलते. हिटलरच्या जबड्याची गोष्ट नेहमी सांगितली जाते. मे १९४५ मध्ये बर्लिनला सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हाती लागलेला जबडा ओळखला तो हिटलरच्या दंतवैद्याची सहायिका कॅथे हॉयझरमान हिने, स्वतः पाहिलेल्या कामाच्या आठवणीवरून. १९४४ मध्ये काढलेली त्याच्या डोक्याची क्ष-किरण चित्रे अभ्यासकांनी पुढे, १९७०च्या दशकात, त्याच्याशी ताडून पाहिली. म्हणजे त्या प्रसिद्ध उदाहरणातही निर्णय दिला तो जुन्या नोंदीने. त्यातली पहिली नोंद तर एका बाईच्या डोक्यात होती.

आता याच जिल्ह्याकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यात नावापुढे ‘राजा’ लागणारी तीन मोठी गावे आहेत : सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि पिंपळगाव राजा. बाहेरचा माणूस त्यांत हमखास घोटाळा करतो. यांपैकी सिंदखेड राजा तालुक्यात, समृद्धी महामार्गावर, १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. बसमध्ये ३३ जण होते. आठ वाचले, पंचवीस जळून गेले. बहुतेक मृतदेह ओळखण्यापलीकडे गेले होते. डीएनए चाचणीचे निष्कर्ष हाती यायला बरेच दिवस लागले असते. दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, नातेवाइकांच्या संमतीने चोवीस जणांवर बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार झाले. आपल्या माणसाची चिता कोणती हे ठाऊक नसताना घरच्यांना हात जोडावे लागले.

‘जबड्यावरून ओळख पटते’ हे वाक्य अशा वेळी मनात येतेच. चित्र काढायला क्ष-किरण यंत्र लागते आणि ते जिल्ह्याच्या गावी असतेच. पण शेजारी ठेवायला दुसरे चित्र कुठून आणायचे? २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये परदेशी प्रवाशांच्या ओळखीत दातांचा वाटा फार मोठा होता. कारण त्या प्रवाशांच्या देशांत दंतवैद्य दर खेपेची नोंद ठेवतो आणि मागितल्यावर ती पाठवतो. आपल्याकडे दाढ दुखली की माणूस आधी लवंग धरतो, मग गोळी घेतो आणि अगदीच झोप उडाली तर दाढ काढून येतो. एक्स-रे काढलाच तर तो पिशवीत घालून रुग्णाच्या हाती देतात. तो घरी कपाटावर पडतो आणि दिवाळीच्या साफसफाईत जातो. अभ्यासक अलीकडे हसऱ्या छायाचित्रांतल्या पुढच्या दातांची मदत घेऊ लागले आहेत, कारण मोबाईलमुळे तशी छायाचित्रे घरोघरी आहेत. तो उपाय उपयोगी असला तरी अपुरा आहे. पुढचे चार-सहा दात दिसतात, मुळे दिसत नाहीत. शिवाय आगीत सर्वांत आधी तडकतात तेही हेच पुढचे दात.

तेव्हा ‘ओळख पटते’ या विधानात ‘जर’ हा शब्द घालायला हवा. तो घातला की मुलांना विज्ञान अधिक कळते. तुलना कशाला म्हणतात, पुरावा एकटा का नसतो, हे त्या एका शब्दात येते.

वयाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि शिक्षकांच्या जास्त जवळची.

दातांवरून वय ठरवण्याची कल्पना क्ष-किरणांहून जुनी आहे. ब्रिटनमध्ये १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. पण मूल नऊ वर्षांचे आहे की सातचे, हे सांगणार कोण? सरकारी जन्मनोंदणीच नव्हती. आईबाप आणि गिरणीमालक दोघांनाही मूल मोठे ठरवायचे होते. एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने १८३७ मध्ये सुमारे हजार मुलांचे दात पाहून एक पुस्तिका लिहिली आणि उंचीपेक्षा दात हा वयाचा चांगला पुरावा आहे असे मांडले. योगायोग असा की त्याच वर्षी जुलैमध्ये इंग्लंडात जन्माची सरकारी नोंदणी सुरू झाली. नोंद नव्हती तिथे दात पुढे आला, हे ध्यानात ठेवावे. पुढच्या सगळ्या चर्चेला ते लागू पडते.

सॉन्डर्सला फक्त हिरडीबाहेर आलेला दात दिसत होता. क्ष-किरणांमुळे हिरडीच्या आत काय चालले आहे ते दिसू लागले. राँटगेनचा शोध नोव्हेंबर १८९५ चा, आणि दातांचे पहिले चित्र निघाले जानेवारी १८९६ मध्ये. जर्मनीतले दंतवैद्य ओटो वाल्कहोफ पंचवीस मिनिटे तोंडात काच धरून बसले होते! आज ‘ओपीजी’ म्हणतात ते दोन्ही जबड्यांचे एकत्र चित्र काही सेकंदांत निघते. यंत्राची नळी आणि समोरचा ग्राहक डोक्याभोवती अर्धप्रदक्षिणा घालतात आणि नालाच्या आकाराचा जबडा सपाट उलगडून दिसतो. त्यात मिळणारी क्ष-किरणांची मात्रा निसर्गातून दोन-तीन दिवसांत मिळणाऱ्या मात्रेएवढी असते, त्यामुळे भीतीचे कारण नाही.

दात तयार होतो तो टोकापासून मुळाकडे. आधी माथ्याची उंचवट्याची टोके खनिजाने कठीण होतात, मग ती एकमेकांना जुळतात, माथा पूर्ण होतो, मुळे खाली वाढू लागतात आणि शेवटी मुळाचे रुंद उघडे तोंड बंद होते. पहिल्या कायमच्या दाढेत हे काम जन्माच्या सुमारास सुरू होऊन नवव्या-दहाव्या वर्षी संपते. दुसरी दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास बाहेर येते, तिची मुळे पंधराव्याच्या सुमारास पुरी होतात. कॅनडातले देमिर्जियन आणि त्यांचे सहलेखक गोल्डस्टीन व टॅनर यांनी १९७३ मध्ये या प्रवासाचे ‘ए’ ते ‘एच’ असे आठ टप्पे ठरवले. फ्रेंच-कॅनेडियन वंशाच्या जवळजवळ तीन हजार मुलामुलींच्या चित्रांवरून त्यांनी डाव्या बाजूच्या खालच्या सात दातांना गुण दिले आणि गुणांच्या बेरजेवरून वय काढण्याची कोष्टके तयार केली. पद्धत देखणी आहे. हाडांच्या वाढीवर कुपोषणाचा जेवढा परिणाम होतो तेवढा दातांच्या वाढीवर होत नाही, हा तिचा मोठा गुण. आठ-दहा वर्षांच्या मुलाचे वय सांगायला याहून चांगले साधन क्वचितच सापडेल, कारण त्या वयात एकाच वेळी अनेक दात वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. सात घड्याळे एकदम चालू असावीत तसे.

पण न्यायालयाला आठ-दहा वर्षांच्या मुलाचे वय क्वचितच हवे असते. त्याला हवा असतो अठराचा उंबरठा. आरोपी बालक की प्रौढ, पीडित मुलगी पोक्सो कायद्याखाली येते की नाही, लग्न झाले ती मुलगी सज्ञान होती का, हे सगळे प्रश्न अठराशी येऊन थांबतात. आणि नेमके तिथे पोचेपर्यंत सातातली सातही घड्याळे बंद पडलेली असतात. उरते फक्त अक्कलदाढ, जबड्यातली सर्वांत बेभरवशाची दाढ. कुणाला ती सतराव्या वर्षी येते, कुणाला पंचविसाव्या, कुणाला येतच नाही.

अमेरिकेत मिन्सर, हॅरिस आणि बेरीमन यांनी १९९३ मध्ये अक्कलदाढेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. अक्कलदाढेचे मूळ पूर्ण बंद झालेले असेल, तर ती व्यक्ती अठरा पूर्ण असण्याची शक्यता पुरुषांत ९०.१ टक्के आणि स्त्रियांत ९२.२ टक्के निघाली. आकडे भरघोस वाटतात. पण याचा दुसरा अर्थ असा की मूळ पूर्ण झालेल्या दर दहा मुलांत साधारण एक जण अठराच्या आतला होता. ज्याला तुरुंगात पाठवायचे तो हा दहावा असेल तर?

याहूनही महत्त्वाची गोष्ट लोकप्रिय लेखनात कधीच येत नाही. असे टक्के कोणत्या मुलांची तपासणी केली यावर अवलंबून असतात. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांसाठी हे एका उदाहरणाने सांगतो. त्यातले आकडे केवळ हिशेबापुरते धरलेले आहेत. समजा, सतरा वर्षांच्या १०० मुलांपैकी २० जणांच्या अक्कलदाढेचे मूळ पूर्ण असते, आणि एकोणीस वर्षांच्या १०० पैकी ६० जणांचे. दोन्ही गटांतली शंभर-शंभर मुले तपासली तर मूळ पूर्ण झालेली मुले ८०, त्यांतली अठराच्या आतली २०, म्हणजे चारात एक. आता पोलिसांनी तपासणीसाठी आणलेल्या मुलांत सतरा वर्षांची ३०० आणि एकोणीस वर्षांची १०० आहेत असे धरा. मूळ पूर्ण झालेली ६० अधिक ६०, म्हणजे १२०, आणि त्यांतली निम्मी अठराच्या आतली! दाढ तीच, चित्र तेच, टप्पाही तोच. बदलली ती फक्त रांगेत उभी केलेली मुले, आणि त्याबरोबर चित्राचा अर्थ बदलला. संभाव्यतेचा धडा शिकवताना फासे आणि पत्ते वापरण्याऐवजी हे उदाहरण घेतले तर निदान एखाद्या विद्यार्थ्याच्या ते जन्मभर लक्षात राहील.

कोष्टके परक्या मुलांवरून बनलेली आहेत हा आक्षेपही रास्त आहे. देमिर्जियनच्या कोष्टकाने अनेक देशांतल्या मुलांचे वय काही महिन्यांनी जास्त निघते. आपल्याकडे धारवाडचे डॉ. आशिथ आचार्य यांनी अक्कलदाढ धरून आठ दातांची पद्धत भारतीय मुलांवर तपासली आणि त्यांच्यासाठी वेगळी सूत्रे २०११ मध्ये मांडली. हे काम मोलाचे आहे. पण सूत्र कितीही सुधारले तरी एकाच वयाच्या दोन मुलांत निसर्गाने ठेवलेला फरक पुसता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच, जयामाला खटल्यात, क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षांची चूक संभवते हे मान्य केले होते. सोळा ते वीस यांच्यामध्ये कुठेतरी, असे उत्तर ‘अठरा पूर्ण आहेत का?’ या प्रश्नाला फारसे उपयोगी नाही.

मुंबईत एप्रिल २००९ मध्ये हा प्रश्न सगळ्या जगासमोर आला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातला पकडलेला आरोपी अजमल कसाब याने आपण सतराच वर्षांचे आहोत असा दावा केला. शाळेचे रजिस्टर सीमेपलीकडे. विशेष न्यायालयाने हाडांची आणि दातांची तपासणी करवली आणि तो वीस वर्षांहून मोठा आहे असा निष्कर्ष निघाला. इथे पद्धत उपयोगी पडली, कारण वय उंबरठ्यापासून पुरेसे दूर होते. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

आता दुसरे टोक पाहा. पुण्यात २६ ऑगस्ट १९९४ रोजी राठी कुटुंबाच्या घरात बायका आणि मुले मिळून सात जणांची हत्या झाली. आरोपींपैकी एकाला फाशीची शिक्षा झाली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती कायमही झाली. तुरुंगात असताना, ऑगस्ट २००५ मध्ये, त्याच्या वयाची वैद्यकीय तपासणी झाली. अहवालात वय होते २२ पेक्षा जास्त आणि ४० पेक्षा कमी! मुलांना वजाबाकी करायला सांगा. गुन्ह्याच्या वेळी तो अकरा वर्षांचाही असू शकत होता आणि एकोणतीस वर्षांचाही. डॉक्टरांनी काही चूक केली होती असे नव्हे. बाविशी-पंचविशीनंतर दात आणि हाडे ‘वाढ पूर्ण’ एवढेच सांगतात, आणि प्रामाणिक डॉक्टर त्याहून अधिक लिहीत नाही. निकाल लागला तो दुसऱ्याच पुराव्यावर. राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या जलाबसर गावच्या शाळेत या मुलाचे नाव दाखल होते आणि जन्मतारीख होती १ फेब्रुवारी १९८२. शाळेतले नाव आणि खटल्यातले नाव वेगळे होते. ती व्यक्ती एकच आहे का याची पुण्याच्या न्यायाधीशांकडून चौकशी झाली. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती नोंद मान्य केली. गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय साडेबारा वर्षे ठरले आणि अठ्ठावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या, त्यातली बहुतेक फाशीच्या छायेत काढलेल्या त्या माणसाची सुटका झाली. साडेबारा वर्षांचे मूल असे करू शकेल का, या विचाराने न्यायाधीशही हादरले होते. पण अशा तर्कावर निर्णय देता येणार नाही असे त्यांनी नमूद केले. या निकालाने राठी कुटुंबाच्या आप्तांना काय वाटले असेल याचीही कल्पना करवत नाही. आम्हाला इथे एवढेच दाखवायचे आहे की ज्या प्रश्नावर अख्ख्या वैद्यकीय तपासणीने अठरा वर्षांची रुंद फट ठेवली, तिथे एका खेड्यातल्या शिक्षकाने रजिस्टरात लिहिलेली एक ओळ फाशी आणि सुटका यांच्यामध्ये उभी राहिली.

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या प्रकरणातही एका आरोपीची हाडांची तपासणी करावी अशी पोलिसांची मागणी होती. बाल न्याय मंडळाने जानेवारी २०१३ मध्ये ती नाकारली आणि शाळेच्या नोंदीवरून त्याचे वय साडेसतरा धरले. तेव्हा लोक संतापले, ‘विज्ञान बाजूला ठेवले’ असे म्हटले गेले. संताप समजण्यासारखा होता. पण विज्ञानाची बाजू मंडळाचीच होती. साडेसतरा आणि साडेअठरा यांतला फरक सांगेल असे क्ष-किरण चित्र अजून निघालेले नाही.

बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ मध्ये पुराव्यांची उतरंड दिली आहे. पहिल्या पायरीवर शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे दहावीचे प्रमाणपत्र. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तरच हाडांची किंवा अन्य वैद्यकीय चाचणी. चाचणी शेवटी आहे हे योग्यच. मात्र शाळेला जन्मदाखल्याच्या वर बसवणे आम्हाला पटत नाही. मोजमाप घटनेच्या जितके जवळ, तितके विश्वासार्ह, हा प्रयोगशाळेतला साधा नियम आहे. ग्रामपंचायतीची नोंद जन्मानंतर काही दिवसांत होते, शाळेची पाच-सहा वर्षांनी.

आणि शाळेची नोंद कशी होते हे आपल्यापेक्षा कुणाला अधिक माहीत आहे? महाराष्ट्रात १ जून या दिवशी जेवढ्या शुभेच्छा दिल्या जातात तेवढ्या दिवाळीतही क्वचित. ३१ मे रोजी सरकारी कार्यालयांत निवृत्तीचे हार कमी पडतात, कारण १ जूनला जन्मलेला कर्मचारी आदल्या दिवशी निवृत्त होतो. या सगळ्यांचा जन्म खरोखर मृगाच्या तोंडावर झाला असे कुणी मानत नाही. बाप मुलाला घेऊन शाळेत आला, तारीख सांगता येईना, ‘पोळ्याच्या आसपास झाला’ किंवा ‘मोठ्या पुराच्या साली’ एवढेच सांगितले, आणि गुरुजींनी प्रवेशाचे वय पूर्ण होईल अशी तारीख टाकली. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तरी तारीख १ जूनच! गुरुजींचा हेतू चांगला होता, मूल शाळेत यावे एवढाच. पण पोळ्याला जन्मलेले मूल या हिशेबाने तीनेक महिने मोठे किंवा नऊएक महिने लहान होते. अठराच्या उंबरठ्यावर तेवढे पुरते.

यात एक विलक्षण गाठ आहे, आणि ती सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. क्ष-किरण चित्रावरून वय काढण्याची सूत्रे बनवताना शेकडो मुलांची चित्रे आणि त्यांची ‘खरी’ वये लागतात. हे खरे वय येते कागदावरून. अलीकडे संगणकाला हजारो ओपीजी चित्रे दाखवून वय ओळखायला शिकवण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत आणि त्यांच्याविषयी मोठ्या अपेक्षेने लिहिले जाते. पण त्या यंत्राला शिकवणारा अखेर कागदच असतो. शिकवणीच्या कागदांत १ जूनचे पीक असेल तर यंत्रही १ जूनच शिकेल, आणि दशांश चिन्हापुढे दोन अंक देऊन शिकेल. रजिस्टर चुकले तर दाढेकडे दाद मागता येत नाही, कारण दाढेला बोलायला रजिस्टरानेच शिकवले आहे.

म्हणून आम्हाला शिक्षकांना काही नेमके सुचवायचे आहे. बालकांच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद, दवाखान्याची किंवा नर्सबाईंची नोंदवही, तेही नसेल तर पालकाचे लेखी निवेदन चालते. हे चांगलेच आहे. पण जनरल रजिस्टरात या सगळ्यांतून आलेली तारीख सारखीच दिसते. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरून लिहिलेली आणि बापाच्या आठवणीवरून लिहिलेली तारीख एकाच शाईत, एकाच रकान्यात. शेऱ्याच्या रकान्यात ‘ग्रा. पं. जन्मदाखल्यावरून’, ‘अंगणवाडी नोंदीवरून’, ‘पालकाच्या सांगण्यावरून, अंदाजे’ एवढे तीन-चार शब्द लिहिले तर ती नोंद कितीतरी पटीने मोलाची होईल. भौतिकशास्त्राच्या प्रयोगवहीत आपण मोजमापापुढे चूक किती ते लिहायला लावतो, तेच हे. न्यायालयेही आता याच दिशेने विचारतात. जुलै २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पोक्सो खटल्यात टी.सी. म्हणजे जन्मतारखेचा दाखला नव्हे असे ठरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. दोन्ही निकाल वेगळ्या कायद्यांखालचे आहेत, पण तारीख आली कुठून हा प्रश्न दोन्हींच्या मुळाशी आहे.

वरच्या वर्गांना एक प्रकल्पही देता येईल. शाळेच्या जुन्या रजिस्टरात दर दहा वर्षांतले १ जूनचे जन्म मोजावेत. नावे उतरवू नयेत, फक्त तारखा घ्याव्यात. वर्षाचे दिवस ३६५, तेव्हा ७३० नावांत १ जूनचे जन्म दोनच्या आसपास अपेक्षित. प्रत्यक्षात किती निघतात आणि दशकागणिक ते कसे घटतात याचा आलेख काढावा. गावात आरोग्य केंद्र कधी आले, दवाखान्यात बाळंतपणे कधीपासून होऊ लागली, अंगणवाडी कधी सुरू झाली, ही वर्षे जुन्या माणसांना विचारून आलेखावर खुणावीत.

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा असेल. ही मुले पहिलीत यायला २०२९-३० उजाडेल. त्याआधी जन्मलेली आणि आज वर्गात बसलेली मुले मात्र जुन्याच पद्धतीने नोंदलेली आहेत. त्यांतले सर्वांत धाकटे अठराचे होईपर्यंत, म्हणजे २०४१ पर्यंत, मुख्याध्यापकांना समन्स येत राहतील.